उशाशी लोणार

पायाला प्लास्टर, बाहेर बुलढाण्याचा पाऊस, हातात मोबाईल. मराठी विश्वकोशाच्या संकेतस्थळावर लोणारची नोंद शोधायला गेले आणि भलत्याच नोंदींत रमले. पडल्या पडल्या काय वाचावं असं कुणी विचारलं, तर पहिलं हेच संकेतस्थळ सुचवीन. तर्कतीर्थांच्या हातून सुरू झालेला तो ग्रंथराज उशाशी फुकट, ही चैनच!

मग नासाच्या अर्थ ऑब्झर्व्हेटरीवर २०२० सालचं लोणार सरोवर पाहिलं. मे महिन्यात हिरवं, जूनमध्ये चक्क गुलाबी. क्षार वाढले, त्यात जगणारे सूक्ष्मजीव फोफावले. वरून सगळं टिकलीएवढं. काठावरचा तो उग्र वास मात्र चित्रात नाही, आणि मला नेमका तोच आठवत राहिला.

जमिनीच्या नोंदींचं महाभूलेख संकेतस्थळही कामाचं, पण सातबारा काय करमणुकीला बघायचा? मायबोली हे संकेतस्थळ १९९६पासूनचं, तिथल्या पाककृती भुकेल्या पोटी वाचू नयेत.

धाकटा विचारतोय, लोणारला रेंज येते का?