सेंबियाचा मोकळा मुलूख

1987 साली दुकानांत आलेला राखाडी खोका आता फोनवर उघडतो. ‘फरगॉटन रेल्म्स कॅम्पेन सेट’ हे त्याचे छापील नाव, पण खेळणाऱ्या घरांत त्याला सगळे ‘ग्रे बॉक्स’च म्हणत. आत दोन पुस्तके, चार मोठे नकाशे आणि त्यांवर ठेवून अंतर मोजायचे षट्कोनी जाळीचे दोन पारदर्शक प्लास्टिकचे ताव. त्याची पीडीएफ विकत मिळते, हे दादाने भावंडांच्या ग्रुपवर कळवले. त्या रात्री न्यू जर्सी, सिअ‍ॅटल आणि टोरांटोमधल्या आम्ही सगळ्यांनी तीच पाने पुन्हा चाळली.

आमचे आईबाबा 1965 च्या कायद्याने अमेरिकेची दारे उघडल्यावर आले, तेव्हा इथे मराठी घरे मोजकी होती. शनिवारी कोणाकडे तरी सगळे जमायचे. वर काका-काकूंच्या गप्पा, पेटीवर कोणीतरी धरलेले नाट्यगीत, मसालेभाताचा वास. आम्हा मुलांची रवानगी बेसमेंटमध्ये. सात वर्षांच्या चिमुरडीपासून कॉलेजात जाऊ घातलेल्या दादापर्यंत सगळे एकाच सतरंजीवर. इतक्या वेगवेगळ्या वयांच्या मुलांना तासन् तास एकत्र धरून ठेवणारा खेळ आम्हाला एकच सापडला, ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’.

गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांनी तो 1974 साली प्रसिद्ध केला. तो छापणारी टीएसआर ही कंपनी विस्कॉन्सिनमधल्या लेक जिनिव्हा या छोट्या गावची. या खेळाला पट लागत नाही. एकजण डंजन मास्टर होतो आणि प्रसंग सांगतो, बाकीचे आपापले पात्र घेऊन आपण काय करणार ते सांगतात, आणि जिथे यश-अपयशाचा प्रश्न येतो तिथे फासा पडतो. त्यासाठी एक जग हाताशी लागते. रस्ते कुठे जातात, कोणत्या गावी कोणाचे राज्य, सरायांत कोणत्या अफवा, देवळांत कोणते देव, हे सगळे सांगणारे पुस्तक म्हणजे ‘सेटिंग’चे पुस्तक. ग्रे बॉक्स होता तसाच.

हे जग रचले एड ग्रीनवुडने. कॅनडातल्या ओंटारिओत वाढलेला, ग्रंथालयात काम करणारा माणूस. 1967 च्या सुमाराला, लहानपणीच त्याने आपल्या गोष्टींसाठी हा प्रदेश कल्पायला सुरुवात केली. पुढे ‘ड्रॅगन’ मासिकातून त्याचे लेख येऊ लागले. टीएसआरमधल्या जेफ ग्रबने ग्रीनवुडच्या टिपणांच्या ढिगाऱ्यातून त्याच्याबरोबर पुस्तक उभे केले. म्हणून त्यात कारखान्यातून निघालेल्या मालाचा कोरडेपणा नाही. कोशातल्या नोंदींत आधी गाव वरवर कसे दिसते ते, मग शॅडोडेलचा म्हातारा जादूगार एल्मिन्स्टर याची टिप्पणी, आणि मग खेळापुरती माहिती. एल्मिन्स्टरला सगळ्यांच्या घरातले ठाऊक असायचे. कॉर्मिरच्या दरबारातल्या कुरबुरी आणि वॉटरडीपच्या सावकारांच्या खोड्या तो अशा सांगायचा की पानसुपारी घेऊन ओसरीवर बसलेल्या आजोबांचीच आठवण यावी. आजोबा हजारो मैलांवर राहिलेल्या आम्हा मुलांना त्याचा लळा लागला, यात नवल नाही.

आणि या खेळाने आम्हाला आजीजवळही नेले. त्याच्या 1977 च्या ‘मॉन्स्टर मॅन्युअल’ या पुस्तकात एक राक्षस आहे. वाघाचे डोके, अंगात भारी कोट, हातात पाइप. तो हवे ते रूप भासवतो आणि क्रॉसबोच्या मंतरलेल्या बाणाने मरतो. सहा महिन्यांसाठी साताऱ्याहून आलेल्या आजीला आम्ही ते चित्र दाखवले. तिने चष्मा लावून ते नीट पाहिले आणि म्हणाली, “पाइपचं मला ठाऊक नाही बाळांनो, पण रूप बदलतो हे बरोबर लिहिलंय. मारीच कसा सोन्याचं हरीण झाला होता?” मग मारीचाची सगळी गोष्ट झाली. पुढच्या शनिवारी दादाच्या खेळात, जंगलात एक सोनेरी हरीण दिसले. आजीची गोष्ट ऐकलेल्यांनी त्याचा पाठलाग करायला साफ नकार दिला.

1980 च्या ‘डीटीज अँड डेमीगॉड्स’ या पुस्तकात ग्रीक आणि नॉर्स देवांबरोबर इंद्र, अग्नी, वरुण, रुद्र, कार्तिकेय, लक्ष्मी, विष्णू, यम असे आपले देवही होते, प्रत्येकाचे बळ आकड्यांत मांडलेले. देवाला आकडा लावणे आईला मुळीच पटले नाही. पण तिने पुस्तक काढून घेतले नाही. “हे आकडे तुमच्या खेळापुरते. देव कोण ते मी सांगते,” म्हणून तिने रोज संध्याकाळी एकेकाची कथा सांगितली. शाळेत आमच्या देवांची नावे कोणाला उच्चारता येत नसत, आणि इथे ती ऑलिंपसच्या देवांच्या शेजारी छापलेली होती. त्या वयात त्याचा केवढा आधार वाटला!

1985 साली टीव्हीवरच्या ‘सिक्स्टी मिनिट्स’ने या खेळाने मुले बिघडतात का, यावर कार्यक्रम केला. देशभर चर्चा झाली, काही घरांत पुस्तके कपाटात बंद झाली. आमच्याकडे बाबा बेसमेंटमध्ये येऊन सबंध संध्याकाळ आमच्यात बसले. आम्ही नकाशावर मैल मोजतो, सोन्याची नाणी सहा जणांत वाटतो, जखमी सोबत्याला मागे टाकायचे की नाही यावर भांडतो, हे त्यांनी पाहिले. उठताना एवढेच म्हणाले, “चालू द्या.”

मग सगळे पांगलो. घरे विकली गेली, खोके हरवले. 1997 साली टीएसआर ‘विझर्ड्स ऑफ द कोस्ट’कडे गेली. जुन्या पुस्तकांच्या पीडीएफ काही वर्षे विकत मिळत होत्या; एप्रिल 2009 मध्ये ती विक्री बंद झाली आणि 2013 च्या जानेवारीत पुन्हा सुरू झाली. तेव्हापासून जुनी पुस्तके एकामागून एक परत आली, त्यांत आमचा ग्रे बॉक्सही. एकेकाळी तीन घरांत मिळून एक खोका होता आणि तो कोणाकडे राहायचा यावर रुसवे होत. आता प्रत्येकाकडे एक आहे. नाव टाकले की नोंद सापडते, बारीक अक्षर मोठे होते. ज्या घरांत तो खोका कधी घेता आला नाही, तिथेही तो पोचतो. ही फार मोलाची गोष्ट आहे.

पण त्या जगाचा निम्मा भाग त्या पानांत कधीच नव्हता. नकाशावर सेंबिया नावाचा व्यापाऱ्यांचा श्रीमंत मुलूख आहे. पुस्तककर्त्यांनी तो मुद्दाम मोकळा ठेवला होता, खेळवणाऱ्याने आपल्या मनाने वसवावा म्हणून. आमच्या सेंबियात नदीकाठी घाट होते, आषाढात लांबलांबून दिंड्या येत, एका गल्लीत एक म्हातारी चकल्या विकायची आणि पैशाऐवजी गोष्ट मागायची. चिमुरडीने तिला नाव दिले होते. शेजारच्या घरातल्या मुलांचा सेंबिया अगदी निराळा होता, आणि तोही तेवढाच खरा. हजारो घरांनी हजारो सेंबिया वसवले. तो मुलूख कोणाला स्कॅन करता येणार नाही, कारण तो वहीच्या कागदांवर आणि एकमेकांच्या आठवणीत होता.

म्हणून माझ्या पिढीच्या भावंडांना सांगणे आहे. पीडीएफ जरूर घ्या, पण नुसती हळहळत चाळू नका. आपापल्या सेंबियाचे जेवढे आठवते तेवढे लिहून काढा, एकाला नदी आठवेल, दुसरीला घाट. आणि मुलांना खेळायला बसवाल तेव्हा आपला सेंबिया त्यांच्यावर लादू नका. त्यांना पुस्तक द्या, फासे द्या, मारीचाची गोष्ट सांगा, आणि तो मुलूख आम्हाला मिळाला होता तसाच मोकळा त्यांच्या हाती ठेवा. कोणीतरी आपल्यासाठी जागा राखली होती, म्हणून परक्या देशात आम्हाला आपले असे काही वसवता आले. ती जागा पुढे राखणे, हे आता आमचे काम आहे.