आठवा दिवस

राष्ट्रीय सेवा योजनेचं शिबिर सात दिवसांचं असतं. सातव्या दिवशी समारोप, हारतुरे, पाहुण्यांबरोबर एक छायाचित्र, आणि दुपारी टेम्पोत गाद्या, पातेली, टिकाव-फावडी भरून आपण परत. आठव्या दिवशी त्या गावात काय होतं, हे शिबिराला गेलेल्यांना सहसा कळत नाही. मलाही कळलं नसतं. त्याला माझी आई कारण झाली.

मी अहमदपूर तालुक्यातल्या एका खेड्यातली. आमच्या गावाहून लातूर आणि नांदेड जवळजवळ सारखंच लांब. नांदेडला वसतिगृहात नंबर लागला म्हणून इकडे आले. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिलीच. वडील बटईनं सोयाबीन करतात, आई मजुरीला जाते. सेवा योजनेत मी नाव घातलं ते सेवेच्या ओढीनं घातलं असं लिहिलं तर या पानांवर शोभून दिसेल, पण ते खोटं ठरेल. प्रमाणपत्र मिळतं, पुढे कुठंतरी उपयोगी पडतं, असं एका मैत्रिणीनं सांगितलं होतं, एवढंच.

प्रथम वर्षाला असताना, गेल्या जानेवारीत, शिबिराला जाते हे सांगायला मी घरी गेले. आई चुलीपुढं होती. ऐकून घेतलं, भाकरी उलटली आणि म्हणाली, "आमच्याकडंबी आल्ती एक ताई. कालिजातली."

आईचं माहेर किल्लारीच्या बाजूला. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे, चारला चार मिनिटं कमी असताना, तो भूकंप झाला. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी. गणपती बोळवून माणसं दमून झोपली होती. दगडमातीच्या रुंद भिंती आणि वर मातीची जड माळवदं, यांखालीच माणसं गेली. आई तेव्हा नऊ वर्षांची, चौथीत. भूकंपाचं ती कधी बोलत नाही. त्या दिवशीही बोलली नाही. बोलली ती पत्र्याच्या शेडमधल्या शाळेबद्दल. मदतीला लांबलांबून माणसं येत होती. त्यांत ही कॉलेजातली मुलगी. तिनं आठ-दहा दिवस पोरांना गोळा करून शिकवलं. आईला साताचा पाढा येत नव्हता, तो तिनं पाठ करून घेतला. जाताना वेणीला लाल रिबीन बांधली.

"दिवाळीला येते म्हणली व्हती. म्या वाट बघितली."

"मग?"

"न्हाई आली. सुट्टी मिळाली नसंल तिला."

बत्तीस वर्षं होत आली. आईच्या बोलण्यात तक्रार नव्हती, आणि तेच मला लागलं. आई त्या शेडमधून पाचवी पास झाली, आणि तिची शाळा तिथंच संपली.

आमचं शिबिर मुखेड तालुक्यात, बालाघाटच्या डोंगरातल्या एका गावात होतं. सकाळी प्रभातफेरी, मग श्रमदान, दुपारी बौद्धिक, रात्री करमणूक. आम्ही नऊ शोषखड्डे खणले आणि ओढ्यावर सिमेंटच्या रिकाम्या पोत्यांत वाळू भरून वनराई बंधारा घातला. उद्घाटनाच्या भाषणात सांगितलं गेलं की ही योजना २४ सप्टेंबर १९६९ ला, गांधीजींच्या जन्मशताब्दीच्या वर्षी, ३७ विद्यापीठांत ४० हजार विद्यार्थ्यांना घेऊन सुरू झाली. शिबिराचा विषय होता 'ग्रामीण युवक', पण मंडपात समोर सगळी पांढरी डोकी आणि नाक पुसणारी लेकरं. युवक कुठंच दिसेनात. मला वाटलं, लाजत असतील, संध्याकाळी येतील.

ते कुठं होते ते तिसऱ्या दिवशी कळलं. त्या दिवशी आमच्याकडे सर्वेक्षणाचं काम होतं. छापील तक्ता, त्यात एक रकाना 'युवक, वय १५ ते २९, सध्या काय करतात'. माझ्या वाट्याला त्रेचाळीस घरं आली. त्यांतल्या एकोणीस घरांना कुलूप. उरलेल्या घरांत म्हातारी माणसं सांगत आणि मी लिही: ऊसतोडीला. ऊसतोडीला. ऊसतोडीला. पुढे पुढे नुसती वरच्यासारख्याची खूण करायला लागले. दसरा-दिवाळीला टोळ्या निघतात, पश्चिम महाराष्ट्रात, कर्नाटकात; परत येतात त्या उन्हाळ्यात. म्हणजे आमचं शिबिर युवकांसाठी, आणि ते भरतं नेमकं युवक गावात नसतात तेव्हा! कारण आमची सहामाही तेव्हा संपलेली असते. यात कुणाची चूक नाही. कॉलेजचं वेळापत्रक कॉलेज पाहून केलेलं, साखर कारखान्याचं ऊस पाहून. दोघांनी एकमेकांना कधी विचारलंच नाही.

अशाच एका घरात ती मला भेटली. नाव लिहीत नाही, तिनंच नको म्हटलं आहे. वय सतरा. आजीचे डोळे गेलेले, म्हणून त्या हंगामाला ती मागे राहिली होती. तक्ता भरताना मी विचारलं, "शिक्षण?" तर म्हणाली, "आठवी पास." आणि मग हळूच, "चांगल्या मार्कानं."

शिबिरातल्या भाकऱ्या गावातून घरोघरून यायच्या. त्या दिवसापासून तिच्या घरच्या भाकऱ्या ती स्वतः घेऊन येऊ लागली आणि आमचं बौद्धिक चालू असलं की दारात उभी राहून ऐकू लागली. सहाव्या रात्री मी तिला सतरा नंबरच्या फॉर्मचं सांगितलं. ज्यांना हा फॉर्म माहीत नाही त्यांच्यासाठी: शाळा सुटलेल्या मुलामुलींना तो भरून बाहेरून दहावीला बसता येतं. किमान पाचवी पास हवी, चौदा वर्षं पूर्ण हवीत, आणि शाळा सोडल्याचा मूळ दाखला हवा. आमच्या सरांकडून मी हे नुकतंच ऐकलं होतं आणि फार मोठं गुपित हाती लागल्यासारखी सांगत सुटले होते. तिनं सगळं ऐकलं.

"मग भरा की आता."

"आता नाही. जुलै-ऑगस्टात निघतो."

"तवा तुमी येताव?"

मी हो म्हटलं. म्हणताना मला आईची लाल रिबीन आठवली, हे खरं आहे. पण सगळेच हो म्हणत होते. गावातल्या अशा अकरा मुलींची यादी झाली, समारोपात ती वाचून दाखवली, टाळ्या पडल्या. यादी फाइलीत गेली.

जुलै आला. शिबिराचा व्हॉट्सअॅपवरचा गट तेव्हा वाढदिवसांपुरता उरला होता. मी लिहिलं, मुखेडला कोण येतं? अंगठे पुष्कळ वर झाले. यायला तयार झाला एकटा हदगावचा मुलगा. आता स्वतःचंही सांगते. मीही दोन रविवार टाळले. एकदा पाऊस होता, एकदा पैसे नव्हते, आणि खरं कारण म्हणजे कंटाळा आला होता. तिसऱ्या शनिवारी आईचा फोन आला. इकडचं-तिकडचं बोलून झाल्यावर तिनं विचारलं, "त्या पोरीकडं जाऊन आलीस का गं?" मी खोटं बोलले, आलेय म्हटलं. दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीनं गेले.

अकरांपैकी दोघींची उन्हाळ्यात लग्नं झाली होती. तिघींच्या घरचे नको म्हणाले. एकीचा दाखला मिळेना. आईबापांबरोबर फिरताना ती तीन गावच्या शाळांत बसली होती आणि दाखला नेमका कुठं राहिला हे कुणालाच आठवत नव्हतं. एका शाळेत आम्हांला सांगण्यात आलं, जुनी रजिस्टरं आहेत, पुढच्या महिन्यात या. हदगावचा मुलगा पुढच्या महिन्यात गेला. त्याच्याही पुढच्या महिन्यात गेला. कागद शोधणं, फोटो काढणं, आधारवरचं आडनाव आणि दाखल्यावरचं आडनाव यांतली एक वेलांटी जुळवणं: या कामात श्रमदानासारखा घाम येत नाही, छायाचित्रही निघत नाही. पाच खेपा झाल्या. अकरांतले दोन फॉर्म भरले गेले, त्यांतला एक तिचा. फीचे पैसे तिच्या बापानं दिले. नको म्हणेल असं वाटलेला तोच माणूस.

ज्यांच्या नावानं १९९४ साली आपलं विद्यापीठ निघालं ते स्वामी रामानंद तीर्थ आधी शिक्षक होते. हिप्परग्याला, मग मोमिनाबादला, म्हणजे आजच्या अंबाजोगाईला, त्यांनी वर्षानुवर्षं पोरांना शिकवलं. मुक्तिसंग्रामाच्या दिवशी आपण त्यांच्या लढ्याबद्दल ऐकतो. त्या शाळांबद्दल कमी. मुखेडहून परत येताना गाडीत मी त्या शाळांचा विचार करत बसले होते. आमचे सात दिवस फारच थोडे वाटले.

मग दसरा आला. मुकादमाची उचल घेतलेली होती, आणि मागच्या वर्षी ती गेली नव्हती म्हणून या वर्षी तिला जाणं भाग होतं. नवराबायकोच्या जोडीला एक कोयता म्हणतात. तिचे आईबाप एक कोयता. ती आणि तिचा भाऊ दुसरा. आजीला चुलत्याकडे ठेवलं. जाताना तिनं बोचक्यात दहावीची पुस्तकं बांधून नेली.

रात्री नऊनंतर बापाचा फोन तिला मिळतो. कोपीत उजेड नसतो, म्हणून दिवसा वाचून ठेवलेलं ती रात्री विचारते. मला स्वतःला दहावीला गणितात एकेचाळीस गुण होते! वर्गसमीकरणं मी आधी वसतिगृहातल्या विज्ञानवाल्या मुलीकडून समजून घेते आणि मग फोनवर तिला सांगते. त्यामुळे यंदा माझं गणित बरंच सुधारलं आहे. चौथा धडा अर्थनियोजनाचा. त्यात जीएसटी, शेअर, दर्शनी किंमत, बाजारभाव. एकदा तिनं विचारलं, "ताई, ह्यात उचलीचं गणित कुठं हाय? उचल फिटंना तर पुढल्या साली किती ऱ्हाती, ते?" मी म्हटलं, ते नाही. ती म्हणाली, "मंग ते मलाच येतंय."

लातूर पॅटर्नचं नाव राज्यभर आहे. लातुरात, नांदेडात शिकवणीसाठी पार लांबून आईबाप मुलं आणून ठेवतात. खोली, डबा, कोट एकर, सराव परीक्षा. मला त्याचा राग नाही, त्यातूनच डॉक्टर होतात. पण नांदेडच्या त्या फलकांखालून मुखेडची गाडी पकडताना दर वेळी थोडं विचित्र वाटतं.

दिवाळीला घरी गेले तेव्हा आईला मी ते खोटं कबूल केलं. ती हसली. मग मी तिला फॉर्मचे नियम वाचून दाखवले. किमान पाचवी पास, असं वाचलं तशी ती थांबली.

"पाचवी चालती?"

"चालते."

"म्हंजी मला बी?"

मी हो म्हटलं. ती काही बोलली नाही. थोड्या वेळानं म्हणाली, "माजा दाखला त्या पत्र्याच्या शाळंत ऱ्हायला आसंल. आता कुठलं शेड आन् कुठलं काय." दुसऱ्या दिवशी मात्र तिनं विचारलं, फी किती असते. अजून आम्ही माहेरच्या शाळेत गेलेलो नाही. उन्हाळ्यात जाऊ.

या जानेवारीत शिबिर पुन्हा त्याच गावात झालं. वनराई बंधाऱ्याची पोती पावसाळ्यात वाहून गेली होती, ती पुन्हा घातली. नऊ शोषखड्ड्यांतले सहा चालू आहेत. ती गावात नव्हती. तिची आजी मंडपात आली, माझा हात चाचपून धरला आणि आवाजावरून ओळखून म्हणाली, "आलीस व्हय." बाकी काही नाही.

परीक्षेला आता थोडे दिवस उरले आहेत. परीक्षेसाठी फडावरून आलं की खाडे पडतात आणि खाड्याचे पैसे हिशेबातून कापले जातात. सगळे पेपर व्हायला तीन आठवड्यांच्या आसपास लागतील. तेवढे दिवस एक कोयता अर्धा राहणार. मुकादम काय म्हणेल ते तिला माहीत आहे. बाप म्हणाला, पडू दे खाडे. भाऊ रुसला आहे. हॉल तिकीट आजीच्या पत्र्याच्या पेटीत ठेवलं आहे, लुगड्याच्या घडीत.

आपला अंक दर वर्षीप्रमाणे उशिरा निघेल, तेव्हा तिचा निकालही लागलेला असेल. मला तो आज माहीत नाही. पहिल्या पेपरच्या आदल्या दिवशी ती येणार आहे, एकटीच, दोन गाड्या बदलून. मी मुखेडच्या स्टँडवर थांबते म्हणून सांगितलं आहे. काल आईचा फोन आला होता. गाडी किती वाजता येते, असं ती दोनदा विचारत होती.