दुखते डोके, दोष मानेचा

कारकुनाची मान दिवसभर कागदांवर झुकलेली. मार्चअखेरच्या हिशेबात माझी उजवी बाजू मानेपासून डोळ्यापर्यंत ठणकू लागली. चष्म्याचा नंबर बरोबर होता. डॉक्टरांनी मान वळवायला सांगताच कळ थेट कपाळात गेली. मूळ दुखणे मानेचे निघाले.

मानेच्या वरच्या तीन मज्जातंतूंच्या आणि चेहऱ्याच्या मज्जातंतूच्या संवेदना मज्जारज्जूत एकाच ठिकाणी मिळतात. म्हणून मानेची वेदना कपाळात जाणवते. नॉर्वेचे डॉ. स्यास्टाद यांनी १९८३ साली या डोकेदुखीला वेगळे नाव दिले.

आमच्या वस्तीत शिलाई करणाऱ्या भगिनीही अशाच वाकून बसतात. डोके दुखले की गोळी घेऊन पुन्हा मशीनवर! पण महिन्यातून पंधरा किंवा अधिक दिवस वेदनाशामक गोळ्या घेत राहिल्यास त्यांनीच डोके दुखू लागते. त्यांना मी फिजिओथेरपिस्टने शिकवलेला व्यायाम दाखवतो: ताठ बसून हनुवटी सरळ मागे घ्यावी, पाच सेकंद धरावी, सोडावी. असे दहा वेळा. अर्ध्या तासाने उठावे, मानेला शेक द्यावा. फरक पडायला काही आठवडे लागतात.

सलूनमध्ये मान कडकन मोडून घेऊ नये. मेंदूकडे जाणाऱ्या रक्तवाहिनीला इजा होऊ शकते. डोकेदुखी अचानक व असह्य असेल, सोबत ताप येऊन मान ताठली किंवा हातपाय लुळे पडले, तर व्यायाम नको. तडक इस्पितळ गाठावे.

बंधूभगिनींनो, रोजी बुडवून विश्रांती घेणे आपल्याला परवडत नाही. दहा मिनिटे मात्र मानेला द्याच.