आजोबांची हॅट

आपल्या मराठी भाषेने टोपीला कधी फारशी बरी वागणूक दिलेली नाही. कुणी आपल्याला फसवले, की त्याने टोपी घातली म्हणायचे. कुणी मत बदलले, की टोपी फिरवली म्हणायचे. दहा जणांकडून उसने घेऊन संसाराचा गाडा ओढणाऱ्या बिचाऱ्याच्या नशिबीही 'इकडची टोपी तिकडे' हेच शब्द. त्यातून हॅट ही तर परक्याची टोपी! रामचंद्रपंत अमात्यांनी आज्ञापत्रात इंग्रज, फिरंगी, वलंदेज या साऱ्या दर्यावर्दी व्यापाऱ्यांना एकाच नावाने हाक मारली आहे : टोपीकर. माणसाची जात, भाषा, धर्म सारे बाजूला ठेवून केवळ डोक्यावरच्या वस्तूवरून त्याची ओळख ठरवणारा हा शब्द मला फार मार्मिक वाटतो.

आणि तरीही या मुलखात, मिरजेसारख्या गावात, एका मराठी माणसाने चाळीस वर्षे फेल्ट हॅट घातली. ते माझे आजोबा.

आजोबा रेल्वेत गार्ड होते. कामावर असताना डोक्यावर सरकारी टोपी. पण शिट्टी, झेंडे आणि कंदील पेटीत गेले, की खुंटीवरची हॅट डोक्यावर येई. ती त्यांनी १९५२ साली मुंबईच्या चोरबाजारात साडेसात रुपयांना घेतली होती. रंग राखी, भोवती काळी रेशमी फीत, डाव्या बाजूला तिची चपटी गाठ. आत अस्तरावर 'बोरसालिनो' हे नाव. इटलीतल्या आलेस्सांद्रिया गावात १८५७ पासून हॅटी करणारे हे घराणे. चामड्याच्या आतल्या पट्टीवर सोनेरी ठशात दोन अक्षरे होती : जे. डब्ल्यू. कुणा साहेबाने देश सोडताना मागे टाकलेली ती हॅट असावी. त्याचे नाव जॉन होते, जेम्स होते की आणखी काही, यावर आम्ही मुले पुष्कळ भांडलो. आजोबांना विचारले तर ते म्हणत, "जगन्नाथ वामन! पुढच्या जन्मी माझं नाव तेच असणार आहे."

आजीला मात्र ही हॅट कधी मानवली नाही. "साडेसात रुपयांत माझी लुगडी आली असती," हे वाक्य तिने किती वेळा उच्चारले असेल, त्याची गणती नाही. आणि आजोबा हॅटची निगा राखायला बसले, की ती देवघरातून म्हणे, "एवढी सेवा देवाची केली असती, तर देव प्रसन्न झाला असता."

सेवा खरोखरच मोठी होती. दर रविवारी सकाळी मऊ ब्रश घेऊन ते लवीच्या कलाने हॅट झाडत. उलट हात फिरवला, तर ओरडत, "मांजराला कधी उलटं कुरवाळतात का रे?" खाली ठेवायची झाली, तर हॅट कधी कडेवर ठेवायची नाही, पालथी करून माथ्यावर ठेवायची, नाहीतर कडेचा बाक जातो. पावसात भिजून आली, की दोनदा झटकायची, आतली चामड्याची पट्टी बाहेर उलटायची आणि त्या पट्टीवरच उभी करून आपली आपण सुकू द्यायची. चुलीपाशी नाही, उन्हातही नाही. चामडे एकदा आकसले, की हॅट डोक्यावर बसत नाही. कुठे पोचा पडला, तर चहाच्या आधणाची वाफ द्यायची आणि बोटांच्या पेरांनी हलके हलके आकार आणायचा. पण सर्वांत कडक नियम होता तो उचलण्याचा. हॅटच्या पुढल्या अंगाला दोन बाजूंनी जो चिमटा असतो, तिथे धरून ती उचलण्याचा मोह कुणालाही होतो. सगळ्या हॅटी तिथेच फाटतात. "शेंडी धरून कुणाला उचलतात का?" आजोबा विचारत, आणि दोन्ही हातांनी कडेला धरून, पूजेचे तबक उचलावे तशी ती उचलून दाखवत.

रस्त्यात कुणी भेटले, की आजोबा हॅट किंचित उचलत. शाळेचे हेडमास्तर भेटले तरी, आणि लक्ष्मी मार्केटात मेथीची जुडी विकणारी म्हातारी भेटली तरी. तेवढीच, तितकीच. त्या म्हातारीला पहिल्यांदा या प्रकाराचे हसू आले असेल. पुढे पुढे तीच आजोबांना येताना पाहून पदर सावरून सरसावून बसू लागली. जुन्या पिढीत बोडक्या डोक्याने घराबाहेर पडणे अशुभ समजत. बोडके डोके म्हणजे घरात सुतक. आजोबांनी साहेबाची हॅट घेतली, साहेबाची हॅट उचलण्याची रीत घेतली, पण हा जुना संकेत काही सोडला नाही. उघड्या डोक्याने त्यांना रस्त्यात कुणी पाहिले नव्हते.

मी सोडून. ती हकीकत आज सांगून टाकतो.

१९९३ साली मी आठवीत होतो. शाळेचे स्नेहसंमेलन होते, आणि माझी एक गोष्ट हस्तलिखितात आली होती. आजोबा मोठ्या कौतुकाने आले. कोट, काठी आणि हॅट! फाटकापाशीच मुलांनी त्यांना गाठले. कुणी "साहेब आला, साहेब!" म्हणून ओरडले, कुणी शिट्टी फुंकून "गाडी सुटली" केले. आजोबांनी हसत हसत त्यांनाही हॅट उचलून दाखवली. त्यावर तर नुसता गदारोळ झाला. मी त्यांच्याबरोबर होतो. माझे कान तापले, आणि माझ्या नकळत माझे पाय भराभर चालू लागले. दहा पावले. मी दहा पावले पुढे गेलो, आणि हा म्हातारा आपला कुणीच नव्हे असे तोंड करून दिवाणखान्यात शिरलो.

मौज अशी, की त्याच दिवाणखान्यात भिंतीवर भगतसिंगांची तसबीर होती. १९२९ साली दिल्लीत काढलेला तोच फोटो, डोक्यावर फेल्ट हॅट असलेला! डिसेंबर १९२८ मध्ये लाहोरातून निसटताना त्यांनी साहेबी पोशाख चढवला होता. दुर्गाभाभी पत्नी म्हणून सोबत होत्या आणि आपले खेडचे राजगुरू नोकर बनून सामान वाहत होते. त्या तसबिरीला आम्ही दर वर्षी हार घालत होतो. भिंतीवरच्या हॅटला हार आणि रस्त्यातल्या हॅटला शिट्टी! पण हा विचार मला आज सुचतो आहे. त्या दिवशी मी फक्त दहा पावले पुढे गेलो.

आजोबांनी ते पाहिले होते. त्यांनी मला कधी त्याबद्दल एक शब्द विचारला नाही. पुढल्या महिन्यात प्रगतिपुस्तकावर सही करायला ते शाळेत आले, तेव्हा त्यांच्या डोक्यावर काही नव्हते. विरळ पांढरे केस वाऱ्याने उडत होते, आणि ते एका हाताने ते सारखे चापून बसवत होते. त्या दिवशी मी त्यांच्या शेजारून चाललो. मला वाटले, बरे झाले.

त्यानंतर हॅट खुंटीवरच राहिली. १९९९ साली आजोबा गेले. आजीने, त्याच आजीने, ती जुन्या मलमलीत गुंडाळली आणि ट्रंकेच्या तळाशी ठेवली. "त्यांची आठवण आहे. कुणी हात लावू नका," म्हणाली. आम्ही ते अक्षरशः पाळले. २०१८ मध्ये घर रंगवायला काढले, तेव्हा मी ट्रंक उघडली. मलमल उलगडली. हॅटची चाळण झाली होती. कसरीने माथा खाल्ला होता, कडेचे तुकडे हातात आले. चामड्याची पट्टी तेवढी शाबूत होती, आणि तिच्यावर जे. डब्ल्यू. ही दोन अक्षरे.

मी मास्तर आहे. मॅट्रिकवर शिक्षण थांबले असले, तरी चुकीचे कारण शोधल्याशिवाय मला चैन पडत नाही. मी चौकशी केली. लोकरी वस्तू खातो तो उडणारा पतंग नव्हे, त्याची अळी. तिला आवडतो अंधार, तिला आवडतो माणसाच्या घामाचा जुना अंश, आणि सर्वांत जास्त आवडते ती निवांत जागा, जिथे कुणाचा हात पोचत नाही. म्हणजे रविवारचा ब्रश, रस्त्यातले ऊनवारे, हॅट उचलणारा तो हात, यांनीच चाळीस वर्षे ती हॅट जिवंत ठेवली होती. आम्ही ती जपायला घेतली, आणि जपता जपता मारली.

त्यानंतर मला फेल्टचे वेडच लागले. फेल्ट म्हणजे कापड नव्हे. त्यात ना ताणा ना बाणा. केसांवर डोळ्यांना न दिसणारे बारीक खवले असतात. गरम पाणी आणि दाब मिळाला, की ते एकमेकांत असे अडकतात, की पुन्हा सुटत नाहीत. आपल्याकडचे बुरणूस याच जातीचे, न विणता लोकर दाबून केलेले. मात्र उंची हॅटला मेंढीची लोकर चालत नाही. सशाचे किंवा बीव्हर नावाच्या पाणप्राण्याचे मऊ केस लागतात. आधी मोठा थोरला शंकू करतात आणि तो आटवत आटवत डोक्याएवढा आणतात. पूर्वी या केसांना पाऱ्याचे क्षार लावीत. त्या वाफांनी कारागिरांचे हात कापू लागत, बुद्धीला भ्रम होई. अमेरिकेत ही रीत बंद व्हायला १९४१ साल उजाडावे लागले. डौलाने मिरवणाऱ्या डोक्यांमागे किती थरथरते हात असतील! 'फेडोरा' हे नाव मात्र नाटकातले. १८८२ मध्ये पॅरिसला व्हिक्तोरियां सार्दूचे 'फेदोरा' रंगभूमीवर आले, त्यात सारा बर्नहार्टने राजकन्येची भूमिका केली, आणि तिच्या नावाने पुढे ही हॅट ओळखली जाऊ लागली. आधी ती बायकांनी मिरवली, मग पुरुषांनी उचलली.

आणि गेल्या वर्षी, वयाच्या पंचेचाळिसाव्या वर्षी, मी पुण्याला जाऊन एक हॅट विकत घेतली. दुकानदार चमकदार, कडक माल पुढे करू लागला. मी आजोबांचा नातू! भुवयांच्या आणि कानांच्या वर एक बोट सोडून टेप लावायला सांगितली. माप निघाले ५७ सेंटिमीटर. कड बोटांनी दुमडून सोडली. चांगली फेल्ट पुन्हा जागेवर येते आणि तिच्यावर वळ राहत नाही. लोकरीची स्वस्त हॅट खरखरीत लागते आणि पहिल्याच पावसात ढेपाळते. आत चामड्याची पट्टी आहे ना, हे पाहिले. किंमत ऐकून मला आजीच्या लुगड्यांची आठवण झाली. तरी घेतली.

घेणे सोपे होते. घालणे कठीण. आठ दिवस ती खुंटीवर होती. आरशापुढे घालायचो, आणि दारात काढून ठेवायचो. आजोबांनी चाळीस वर्षे हे कसे केले असेल, या विचाराने मला त्यांच्याविषयी नव्याने आदर वाटू लागला. शेवटी एके दिवशी मार्केटात गेलो. भाजीवालीला हॅट उचलून दाखवली. ती म्हणाली, "मास्तर, ऊन फार झालंय का?" पहिला दिवस पार पडला.

दिवाळीच्या सुटीत माझी तेरा वर्षांची मुलगी पुण्याला आत्याकडे निघाली. तिला पोचवायला मी स्टेशनवर गेलो, हॅट घालून. पुलावरून उतरताना तिच्या वर्गातल्या दोन मैत्रिणी समोर दिसल्या. तिने एकदा त्यांच्याकडे पाहिले, एकदा माझ्या डोक्याकडे पाहिले, आणि चालण्याचा वेग वाढवला. मी पावले मोजली. बरोबर दहा.

माझा हात हॅटकडे गेला. उतरवून पिशवीत टाकावी, पोरीचा जीव कशाला लाजवावा? आणि तेवढ्यात मला ते वाऱ्याने उडणारे पांढरे केस दिसले. त्या दिवशी आजोबांनी माझ्यासाठी हॅट काढली, ती मायेनेच काढली. पण त्यामुळे माझी चूक तशीच राहून गेली, ट्रंकेतल्या हॅटसारखी, अंधारात. मी हात खाली घेतला.

इतक्यात न थांबणारी एक मालगाडी धडधडत फलाटाजवळून गेली. तिच्या वाऱ्याने हॅट उडाली आणि फलाटावर गडगडत वडापावच्या गाड्याकडे निघाली. मैत्रिणी खिदळल्या. मी धावणार, तोच माझ्याआधी मुलगी धावली. तिने झडप घालून हॅट पकडली, फुंकर मारून धूळ उडवली आणि सगळ्यांदेखत ती घेऊन माझ्याकडे आली. चिमट्यात धरून!

"अगं, तिथं नको धरूस!" मी ओरडलो. "शेंडी धरून कुणाला उचलतात का?"

ती थबकली. हॅट तिने उलटसुलट करून पाहिली आणि म्हणाली, "मग कशी धरायची, बाबा?"

गाडीला अजून दहा मिनिटे होती. मी तिला दोन्ही हात पुढे करायला सांगितले.