थंडीतला नगर रस्ता

१ जानेवारीला कोरेगाव भीमा येथे मानवंदनेसाठी जाणारे आपले अनेक बांधव मोटारसायकलने निघतात. जीपचे भाडे परवडत नाही, एस.टी.त उभे राहायला जागा नसते. नगरहून (आता अहिल्यानगर) अंतर सुमारे नव्वद किलोमीटर. पहाटे चारला निघाले की सुप्यापर्यंत दोन्ही बाजूंना उघडे माळरान लागते, वारा अडवायला काही नाही. शिरूरला घोड नदीच्या पुलावर गारठा एकदम वाढतो, कारण थंड हवा जड असते, रात्रीतून ती नदीच्या सखल भागात उतरून बसते. सूर्योदयाच्या सुमारास थंडी सर्वांत जास्त.

या थंडीवर उपाय म्हणून लोक दोन-तीन स्वेटर चढवून वर शाल गुंडाळतात. मान वळत नाही, हात आखडतात, शालीचे टोक चाकात जाण्याची भीती वेगळीच, आणि तरीही माणूस कुडकुडतोच! स्वेटर ऊब देतो तो आत धरलेल्या हवेमुळे. ताशी ६० किलोमीटरच्या वेगात वारा विणीतून शिरून ती हवाच हुसकून लावतो. पारा १० अंशांवर असला तरी उघड्या कातडीला तो सुमारे ५ अंशांसारखा बोचतो. म्हणजे अडवायचा आहे तो वारा.

विनयपिटकाच्या महावग्गात एक प्रसंग आहे. चीवरांची गाठोडी डोक्याखांद्यावर वाहणारे भिक्खू तथागतांनी पाहिले. मग वैशालीत हिवाळ्याच्या रात्री ते स्वतः उघड्यावर बसले. थंडी वाजली तसे एकेक चीवर वाढवत गेले, आणि त्या अनुभवावरून तीन चीवरांची मर्यादा घातली. त्यात बाहेरची संघाटी दुहेरी. गरज किती, हे अंगावर घेऊन ठरवले. आपल्यालाही तीनच थर पुरतात.

अंगालगत घट्ट बसणारे थर्मल किंवा पूर्ण बाह्यांचा बनियन, त्यावर एकच स्वेटर, आणि सर्वांत बाहेर पावसाळ्यातला रेनकोट. तो घरात असतोच, दसऱ्यानंतर खुंटीवर लोंबकळत राहतो. रेनकोटची पँटही घालावी. जीनमधून वारा आरपार जातो आणि गुडघे गोठतात. रेनकोट नसेल तर जुने वर्तमानपत्र शर्टाच्या आत छातीवर पसरावे. मफलरची टोके आत खोचावीत.

खरा धोका बोटांचा आहे. बधिर बोटांना ब्रेकचा अंदाज राहत नाही, आणि या दिवसांत मागे दिवा नसलेल्या उसाच्या ट्रॉल्या अंधारात अचानक समोर येतात. हातमोजे सैल असावेत, घट्ट मोज्यांत रक्त फिरत नाही. बोटे बधिर होण्याआधीच थांबून हात काखेत धरावेत, चहा घ्यावा. ‘एक घोट मारला की ऊब येते’ म्हणणाऱ्यांचे मात्र ऐकू नये. दारूने कातडीकडे रक्त धावते, ऊब भासते आणि शरीर उलट लवकर गार पडते. पाचवे शील मोडून मानवंदनेला जायचे तरी कशाला?

मुलाला पुढे टाकीवर बसवणे तर अजिबात नको, सगळा वारा त्याच्या छातीवर येतो. मुलांसाठी एस.टी.चे तिकीट काढावे, तेवढा खर्च करावाच.

अलीकडच्या वर्षांत त्या दिवशी रस्त्यावरची वाहतूक वळवतात. गाडी वाहनतळावर लावून पुढे बसने जावे लागते. तिथे रेनकोटची घडी पिशवीत जाते, ऊन वर आले की स्वेटरही. आतला पांढरा सदरा स्वच्छ राहिलेला असतो, आणि स्तंभाकडे जाणारी रांग समोर दिसू लागते.