घर हेच जिचं कामाचं ठिकाण

सोलापूर

प्रिय वहिनी,


आजाऱ्यांच्या सेवेसाठी घरोघर मावशी पाठवणारा ब्युरो तुम्ही सुरू करताय, म्हणून आग्रहाने लिहिते. मावशीच्या सुरक्षिततेची तजवीज तिने पेशंटच्या घरात पाऊल टाकण्याआधी व्हायला हवी, आणि ती ब्युरोनेच करायला हवी. कायदा आहे, पण तो घडून गेल्यावर येतो. २०१३च्या लैंगिक छळविरोधी कायद्याने राहतं घरही कामाचं ठिकाण मानलं, जिल्ह्याला स्थानिक समिती दिली. पण त्याचं ११वं कलम वाचा. ऑफिसातल्या बाईच्या तक्रारीची चौकशी समिती स्वतः करते. घरकामगार बाईच्या तक्रारीत प्रथमदर्शनी तथ्य दिसलं, तर समिती ती तक्रार सात दिवसांत पोलिसांकडे धाडते. रोजावर पोट असलेली बाई ठाण्याचे हेलपाटे किती घालणार? शिवाय या स्थानिक समित्या स्थापन करण्यासाठी सर्वोच्च न्यायालयाला डिसेंबर २०२४मध्ये मुदत घालून द्यावी लागली. मारहाण, शिवीगाळ, उपाशी ठेवणं तर या कायद्यात बसतच नाही.

घर खाजगी, तिथे कसले नियम, असं कुणी म्हणेल. निदान सोलापूरकराने ते म्हणू नये. इथे विडी घरात वळली जाते, आणि १९६६च्या कायद्याने घरी विडी वळणारीलाही कामगार मानलं. दुसरा आक्षेप जास्त वजनाचा आहे: स्मृतिभ्रंश झालेल्या आजोबांनी हात उगारला, तर दोष कुणाला द्यायचा? आजोबांना नाहीच. पण ते हात उगारतात हे घरच्यांना ठाऊक असतं, मावशीला नसतं. तो दोष लपवणाऱ्यांचा. आधी विचारा, तिला सांगा, गरज असेल तिथे पुरुष सेवक पाठवा. घरातला धडधाकट माणूस अंगचटीला येत असेल, तर मात्र आजाराची सबब चालणार नाही.

अटी घातल्या तर गिऱ्हाईक दुसरीकडे जाईल, ही भीती खरी आहे. काही जातीलही. पण कामाचं स्वरूप, जेवण, आतून कडी लागणारी झोपायची जागा, एवढं कागदावर द्यायला जे घर कां-कूं करतं, तिथे बाई पाठवायची कशाला? सर्वांत मोठी अट तुमच्यावरच आहे. मावशी गप्प राहते ती बहुधा पगार बुडेल म्हणून. घाबरून ती मध्यरात्री निघून आली, तरी त्या दिवसाचे पैसे ब्युरो देईल आणि पुढचं काम तुटणार नाही, हे लिहून द्या. कमिशन घ्यायचं आणि आम्ही नुसते मध्यस्थ म्हणायचं, हे न्यायाचं नाही. दहाजणी झाल्या की तक्रारींसाठी त्याच कायद्यातली अंतर्गत समिती ब्युरोत नेमा. आणि पहिल्या मावशीला कामावर धाडण्याआधी तुम्ही लिहून दिलेला कागद तिला वाचून दाखवा.

तुमची,
नणंद