मात्रा

वृत्ते शिकविताना आम्ही फळ्यावर मात्रा मोजून दाखवितो. एक मात्रा अधिक झाली की ओळ अडखळते. हाच शब्द वैद्यकातही आहे. खानदेशातल्या जुन्या घरांत सहाण अजून सापडते. तिच्यावर मात्रा उगाळायची आणि मधातून चाटवायची. तो मध म्हणजे अनुपान. औषध कुटल्याने, खलल्याने त्याचा गुण वाढतो, अशी आपल्या मनाची जुनी धारणा आहे.

आम्ही दोघे मराठीचे अध्यापक, एक जळगावचा, एक धुळ्याचा. एकाच्या घरी वडील आणि दुसऱ्याच्या घरी आई अर्धांगवायूने अंथरुणाला खिळली. गिळणे अवघड झाले की घरातला हात आपोआप खलबत्त्याकडे जातो. औषधाच्या दुकानातील एका वयस्क गृहस्थांनी आम्हांला वेळीच हटकले, आणि जुनी धारणा नव्या गोळीला लागू पडत नाही हे कळले.

नावापुढे एसआर, एक्सआर किंवा सीआर अशी अक्षरे असलेली गोळी बारा किंवा चोवीस तासांचे औषध सावकाश सोडण्यासाठी घडविलेली असते. ती कुटली की दिवसभराची मात्रा एकदम रक्तात उतरते. रक्तदाबाच्या गोळीत हे जिवावर बेतू शकते. काही गोळ्यांवरचा लेप जठराम्लात न विरघळता आतड्यात विरघळतो. अ‍ॅस्पिरिनवरील असा लेप जठर सांभाळतो, पँटोप्राझोलवरील लेप औषधच सांभाळतो. मेथोट्रेक्सेटसारख्या औषधाची पूड कुटणाऱ्यालाही अपायकारक ठरते. अनुपानालाही नियम आहेत: सिप्रोफ्लॉक्सासिन दुधात दिले तर दुधातील कॅल्शियम त्याला बांधून ठेवते. नाकातील नळीतून औषध द्यायचे तर प्रत्येक गोळी वेगळी विरघळवावी, दोहोंच्या मध्ये नळी पाण्याने धुवावी. सारी पूड एकत्र कालवू नये. पुष्कळ औषधांना पातळ किंवा पाण्यात विरघळणारा पर्याय असतो. तो डॉक्टरांना वा औषधविक्रेत्याला विचारला पाहिजे.

हे पाकिटावर लिहिलेले नसते असे नाही. मुंगीएवढ्या अक्षरांत, इंग्रजीत ते बहुधा असते. परंतु गोळी देणारा हात कोणाचा? आमच्या घरी तो दिवसभर सोबतीला राहणाऱ्या, अहिराणी बोलणाऱ्या आणि मराठी वाचू शकणाऱ्या बाईंचा होता. म्हणून आम्ही डब्यांवर चिकटविण्यासाठी चिठ्ठ्या लिहावयास बसलो. 'चूर्ण करू नये' हे पहिले वाक्य शुद्ध होते, पण निरुपयोगी. चूर्ण म्हटल्यावर त्यांना त्रिफळाच आठवला असता. बरीच खाडाखोड करून उरले ते असे: 'ही गोळी कुटू नका, फोडू नका. गिळवत नसेल तर देऊ नका, आधी फोन करा.'

वीस वर्षे आम्ही शैलीवर बोलत आलो. ज्या वाक्याच्या अर्थावर एखाद्याचा श्वास अवलंबून आहे, असे वाक्य लिहिण्याचा प्रसंग मात्र तोवर आला नव्हता. मराठी ज्ञानभाषा व्हावी असे आपण परिसंवादांतून म्हणतो. त्या ज्ञानाचा एक पत्ता रुग्णाच्या उशाशी, औषधाच्या डब्यावर आहे.